ताडपत्रीआडचं काश्मीर

निमगाव केतकीच्या हायस्कूलची रस्त्याकडची भिंत चांगली लांबरुंद होती. आजवर तिच्यावर खताच्या नाहीतर बियाण्याच्या जाहिराती रंगायच्या. नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये शाळा भरली तेव्हा कारगिलचं युद्ध ऐन भरात आलं होतं, आणि हेडसरांच्या अंगात देशभक्ती मावत नव्हती. त्यांनी चित्रकलेच्या बाईंना बोलावून घेतलं.

"भिंतीला चुना मारून घेतलाय," ते म्हणाले. "तिच्यावर भारताचा नकाशा काढा. एसटीतनं जाणाऱ्यानं खिडकीतनं मान बाहेर काढून बघितलं पाहिजे, असा."

बाई म्हणजे सुकन्या राऊत. गावचीच पोरगी. वडील झुंबर राऊत वांगी-टोमॅटो पिकवून बारामतीच्या मार्केटला धाडायचे. पोरीनं चित्रकला शिक्षकाचं ए.टी.डी. केलं, शाळेत लागली, पण नोकरीची मान्यता काही पुण्याच्या शिक्षण खात्याकडनं येईना. मान्यता नाही तोवर नोकरी म्हणजे उतरंडीवरचं वरचं मडकं, कधी घरंगळेल सांगता यायचं नाही. त्यामुळं हेडसरांच्या शब्दाला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. तिनं शिडी लावली, पुस्तकातल्या नकाशावर चौकोन आखले, तसेच मोठे चौकोन भिंतीवर आखले आणि आठवडाभरात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा देश केशरी करून टाकला. बघणारे खूश झाले. हेडसर तर रस्त्याच्या पलीकडं जाऊन जाऊन बघायचे.

म्हाळसा मारकड तिथं आली ती दुधाची किटली घेऊन. मारकड वस्तीवरची ही म्हातारी. एके काळी मेंढरांमागं दरसाल कोकणात उतरायची. कॅनॉलचं पाणी आलं तशी मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला. नवरा वारला, आणि एकुलता एक मुलगा जोतीराम फौजेत गेला. आता घरात ती आणि सून मनिषा. मनिषाला सातवा महिना लागला होता. रोज डेअरीला दूध घालून म्हातारी शाळेवरनं परत जायची.

ती नकाशापुढं थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "पोरी, माझा जोतीराम कुठं हाय गं ह्याच्यात?"

जोतीराम कुठं आहे हे तिला कुठलं ठाऊक असायला? त्याच्या पत्रांवर गावाचं नाव नसायचं, नुसता फौजी टपालाचा आकडा असायचा. शिमग्यानंतर तर पत्रही नव्हतं. पण युद्ध सुरू झालं तसं सगळं गावच धरून चाललं होतं की पोरगा फौजेत आहे म्हणजे तो कारगिललाच असणार. म्हातारीच्या चेहऱ्याकडं बघून सुकन्याला 'मला माहीत नाही' म्हणवेना. पेपरात रोज द्रासचं नाव यायचं. तिनं बारका ब्रश घेतला आणि वर, जवळजवळ टोकाला, लाल ठिपका दिला.

"हितं, मावशी."

"माझं बोट पोचंल का तितं?"

सुकन्यानं वर्गातनं स्टूल आणलं. म्हातारी स्टुलावर चढली आणि तिनं ठिपक्याला बोट लावलं. रंग ओला होता. बोटाला लागलेला लाल रंग तिनं पुसला नाही.

"आन दुस्मान कुठं हाय?"

"तोही तिथंच हाय मावशी. ह्या अंगाला."

"ह्ये तर समदं केशरी हाय. समदं आपलंच हाय, तर मग माझा लेक भांडतुय कुनासंग?"

आता ह्याला काय सांगावं? सुकन्यानं खडू घेतला. "असं बघा मावशी, कायद्यानं हे सगळं आपलंच. पण ह्या एवढ्या भागावर ताबा त्यांचा हाय. मधी एक रेषा हाय. सरकारच्या भाषेत तिला नियंत्रण रेषा म्हणत्यात. अलीकडं आपली फौज, पलीकडं त्यांची."

"व्हय व्हय," म्हातारीच्या डोक्यात लगेच उजेड पडला. "आमच्या चुलत दिराच्या पट्टीगत म्हन की. सात-बारा आमच्या नावावर, नांगर त्यांचा. कोर्टानं इचारलं का आमी म्हनायचं आमची, आन ज्वारी काढायची त्यांनी."

सुकन्याला हसू आलं. हसता हसताच तिनं खडूच्या रेघेवरनं काळ्या रंगानं तुटक रेषा ओढली, बाजूला बारक्या अक्षरात नाव लिहिलं, आणि म्हातारीला नीट कळावं म्हणून पलीकडच्या केशरीवर पांढरट हात फिरवला. त्या वेळी तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून म्हाळसा येताना कुंकवाची पुडी आणायला लागली. स्टुलावर चढायची, ठिपक्याला कुंकवाचं बोट टेकवायची आणि वस्तीकडं चालू लागायची.

बाजाराच्या दिवशी दुपारी खतवाले दादासो शाळेत आले. त्यांचं स्टँडजवळ खताचं दुकान होतं, आणि गावातल्या तरुण मंडळाचा कारभारही तेच बघायचे. त्यांचा मुलगा सुयोग नुकताच भरती होऊन बेळगावला ट्रेनिंगला गेला होता. दादासो तसे मऊ. उधारीला कुणाला तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्यामागं पंधरा-वीस पोरं होती, आणि आवाज नेहमीचा नव्हता.

"बाई, भाईर या जरा."

सुकन्या बाहेर आली. भिंतीपुढं बाजारकरी जमायला लागले होते.

"ह्ये काय काढलंय तुमी? निम्मं काश्मीर पांढरं?"

"पांढरं नाही काका, फिकट आहे. तो भाग त्यांच्या ताब्यात आहे एवढंच—"

"ताबाबिबा आमाला सांगू नका! संसदेत ठराव झालाय, समदं आपलं हाय म्हनून. तितं पोरं बर्फात मरत्यात, आन तुमी हितं चार आन्याच्या रंगानं दुस्मानाला जमीन देऊन मोकळ्या?"

"देऊन टाका म्हणावं बारामतीबी!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला, पण तो चांगला हशा नव्हता. एका पोराच्या हातात डांबराची बादली होती. सुकन्या मागं सरली ती भिंतीलाच टेकली.

हेडसर धावत आले. त्यांनी दादासोंपुढं हात जोडले, सकाळपर्यंत दुरुस्ती करतो म्हणाले. पण तोवर कुणीतरी इंदापूरला फोन केला होता. डांबर उडायच्या आत पोलिसांची गाडी आली.

फौजदारानं गर्दी मागं सारली आणि कमरेवर हात ठेवून नकाशा बघितला. बराच वेळ बघितला.

"चुकीचा नकाशा दाखवणं गुन्हा आहे," तो म्हणाला. "सहा महिने बसतात."

"सर, पेपरात ही रेषा रोज छापून येते," सुकन्या म्हणाली.

"येते. ते मीही बघतो." फौजदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मालकी दाखवायची तर सगळं आपलं. ताबा दाखवायचा तर रेषेपर्यंत. आता शाळेच्या भिंतीवर सरकारला काय दाखवायचंय, मालकी का ताबा? सांगा हेडसर."

हेडसर म्हणाले, "पुस्तकात सगळं एका रंगात आहे."

"मग ही रेषा कुणाच्या सांगण्यावरनं आली?"

सगळ्यांच्या नजरा सुकन्याकडं वळल्या. ठिपक्यावरचं कुंकू उन्हात लखलखीत दिसत होतं. म्हाळसाचं नाव घेतलं असतं तर सगळं तिथल्या तिथं मिटलं असतं कदाचित. पण मग म्हातारीला गाडीत घालून नेलं असतं तर? पोरं तिच्या वस्तीवर गेली असती तर?

"कुणाच्या नाही," ती म्हणाली. "माझ्या मनानं काढली."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. तिच्या मान्यतेचं काय होणार ते त्या मिटलेल्या डोळ्यांतच दिसलं.

फौजदारानं ऑफिसातनं बारामतीला फोन लावला. बारामतीनं पुण्याला विचारून सांगतो म्हणून ठेवून दिला. भिंतीवरचं काश्मीर किती रंगवायचं ते तीन गावच्या साहेबांपैकी एकालाही छातीठोकपणे सांगता येईना. शेवटी फौजदारानं आपल्या अकलेनं तोड काढली. दादासोंच्याच दुकानातनं खताच्या गाडीवरची ताडपत्री मागवली, नकाशाच्या वरच्या निम्म्या भागावर बांधली आणि खाली एक पोलीस बसवला.

"वरनं हुकूम येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाई, तुम्ही गाव सोडायचं नाही."

सुकन्याला त्या रात्री झोप लागली नाही. आई-वडील ओसरीवर हलक्या आवाजात बोलत होते, ते तिला ऐकू येत होतं. पण तिला भीती वेगळीच होती. रेषेचं काय, ती खरी होती. ठिपका खोटा होता.

सकाळी म्हाळसा दूध घालून आली. नकाशावर ताडपत्री, खाली खुर्ची टाकून बसलेला पोलीस.

"ए बाबा, ह्ये का झाकलंय?"

"वरनं हुकूम हाय म्हातारे. चल, पुढं हो."

"मला माझ्या लेकाला बघू दे."

"बघता यायचं न्हाय. बंद केलंय आता ते."

बिचाऱ्या पोलिसाला काय ठाऊक, आपण काय बोलून गेलो. म्हातारीनं किटली खाली ठेवली. तिनं पोलिसाकडं बघितलं, पलीकडं चहाच्या गाडीवर गप्प उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. कालच्या राड्यामुळं कुणी तिच्याकडं सरळ बघेना. मेलेल्या माणसाचं तोंड झाकतात, एवढंच तिला ठाऊक होतं. आणि अशा वेळी घरच्यांपास्नं गाव नजर चोरतं, हेही.

"गेला!" ती एकदम खाली बसली. "माझा जोतीराम गेला! तुमी समद्यांनी मिळून माझ्यापास्नं दडवून ठिवलं!"

तो हंबरडा पार स्टँडपर्यंत गेला. बायका धावल्या. 'मारकडाचा जोतीराम पडला' ही बातमी बघता बघता गावभर झाली. 'द्रासला पडला' इथपर्यंत तपशील आला. दुकानांची शटरं खाली यायला लागली. वस्तीवर मनिषाला कुणीतरी सांगितलं, आणि ती पोट धरून, अनवाणी, रस्त्यानं येताना दिसली.

सुकन्या तासावर होती. ओरडा ऐकून ती बाहेर पळाली. समोरचं बघितलं आणि तिला सगळं कळून चुकलं. बायकांना बाजूला सारत ती म्हातारीपुढं गुडघ्यावर बसली.

"मावशी! मावशी, माझं ऐका. जोतीरामचं काही झालेलं न्हाय. हे कालच्या भांडणामुळं झाकलंय."

"खोटं बोलू नगंस. तितं त्याची जागा हाय, तीच झाकली."

"ती त्याची जागा न्हाय!" सुकन्या ओरडलीच. "ठिपका मी माझ्या मनानं दिला, मावशी. तुमी इचारलं, मला न्हाय म्हनवलं न्हाय. तो कुठं हाय ते मला ठाऊकच नव्हतं. अजून न्हाय."

रडणं थांबलं. म्हाळसा तिच्याकडं बघत राहिली.

"ठाऊक नव्हतं?"

"न्हाय, मावशी."

"मग मी रोज कुनाला कुकू लावत हुते गं?"

मनिषा येऊन पोचली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. ती भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पण मग हैत कुठं ते? हैत ना?"

गर्दीच्या कडेला दादासो उभे होते. दुकान बंद करून, शोकसभेची तयारी करायला ते निघाले होते. आदल्या दिवशी लालबुंद झालेला त्यांचा चेहरा आज पांढराफटक होता. ते पुढं आले.

"उठा मावशी," ते म्हणाले. "जीप काढतो. बारामतीला सुभेदार सोनबा देवकाते हैत. त्यांच्याकडं फोन हाय, आन फौजेत कुनाला इचारायचं त्ये त्यांना ठावं हाय. बाई, तुमीबी बसा."

"त्यांना गाव सोडायचं न्हाय म्हनून सांगितलंय," पोलीस म्हणाला.

दादासोंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोलीस खुर्चीत परत बसला.

मनिषाला बायकांपाशी सोडून जीप निघाली. लासुर्णं गेलं, काटेवाडी गेली, दोन्ही बाजूंनी उसाचे फड मागं पडत होते. म्हाळसा पुढच्या सीटवर ताठ बसली होती. मागं सुकन्या. आरशात तिला दादासोंचे डोळे दिसायचे, आणि ते रस्त्यापेक्षा म्हातारीकडंच जास्त वळत होते.

सोनबा देवकाते निवृत्त होऊन बारामतीत घर बांधून राहिले होते. त्यांनी ऐकून घेतलं, एकही फालतू प्रश्न केला नाही, जोतीरामचा नंबर आणि पलटण विचारली. म्हातारीला दोन्ही तोंडपाठ होतं. त्यांनी बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरवर फोन लावला. लाईन लागेना. पुन्हा लावला. लागली, तर पलीकडच्यानं नाव-नंबर लिहून घेतलं आणि थोड्या वेळानं करा म्हणून सांगितलं.

तो थोडा वेळ सुकन्या जन्मात विसरली नाही. सोनबांच्या बायकोनं चहा आणला, तो कुणी उचलला नाही. म्हाळसा फोनकडं बघत होती, जणू त्याच्यातनं साप निघणार होता. एकदा फोन वाजला आणि तिघंही उभी राहिली, गॅसवाल्याचा होता.

मग सोनबांनी परत लावला. हिंदीत बोलले. "हां साब... जी... जी... समझ गया." मध्येच ते गप्प राहून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दादासोंनी खांबाला धरलं होतं.

सोनबांनी फोन ठेवला. "जिवंत हाय. खुशाल हाय. पडलेल्यांच्या यादीत नाव न्हाय, आन त्याची पलटण कारगिलला गेलेलीच न्हाय."

सुकन्याला रडू कोसळलं, ते तिनं तोंडात पदर घालून दाबलं.

"मग कुठं हाय?" म्हातारीनं शेवटी विचारलं.

"त्ये फोनवर सांगत नसत्यात, आन इचारायचं नसतं. पर उगवतीकडं कुठंतरी हाय, चीनच्या अंगाला. मीबी होतो तिकडं. तितंबी रेषा हाय."

"तीबी काढलेली?"

"न्हाय. जमिनीवर काय न्हाय. दगड न्हाय, तार न्हाय. तिला प्रत्यक्ष नियंत्रण रेषा म्हनत्यात."

"प्रत्यक्ष म्हंजी?"

"म्हंजी कागद काय म्हनतोय त्ये सोडा. जितवर आपला मानूस पायानं जातुय, रातच्याला परत येतुय, तितवर आपलं. मग दुस्मान म्हनतो, न्हाय, हितवर आमी जातो. दोघंबी रोज चालत्यात. गोळी झाडायची न्हाय असं ठरलंय. नुसतं चालायचं."

"मेंढरामागं चालल्यागत," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल पडला. "चालायला त्यो घाबरायचा न्हाय."

निघताना सोनबांनी दादासोंना विचारलं, "तुमच्या पोराचं इचारायचं होतं का काय बेळगावला?"

"नगं," दादासो घाईनं म्हणाले. "नगं. त्यो ट्रेनिंगला हाय. बरा हाय त्यो."

परतीला अंधारून आलं होतं. काटेवाडीच्या पुढं दादासोंनी जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर बघतच ते म्हणाले, "मावशी, सुयोगची ट्रेनिंग संपली का त्यालाबी वर धाडतील. परवापास्नं माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाय. काल त्या भिंतीवर त्यो पांढरा रंग बघितला, आन मला वाटलं, माझं पोरगं ज्याच्यापायी जानार त्ये हितं गावातच कुनी देऊन टाकलं. म्हनून डोस्कं फिरलं. तुला कशी झोप लागती गं, येवढी वर्सं झाली?"

"लागती कुठं," म्हाळसा म्हणाली. "पडून ऱ्हायाचं. चल, पोरगी वाट बघत असंल."

पुण्याहून हुकूम असा काही आलाच नाही. युद्ध संपलं, फौजदाराची बदली झाली, आणि पंधरा ऑगस्टच्या आधी हेडसरांनी ताडपत्री सोडायला लावली. नकाशा पुस्तकाप्रमाणं करायचा ठरलं. सुकन्यानंच तो केला; पांढऱ्यावर केशरी चढवला, रेषा बुजवली, ठिपकाही बुजवला. दादासोंनी शिडी धरली होती. मान्यता मात्र त्या शाळेत मिळाली नाही ती नाहीच. पुढल्या वर्षी माळेगावच्या एका शाळेत तिला जागा मिळाली, आणि ती रोज एसटीनं ये-जा करायला लागली.

म्हाळसा चार-साडेचार महिने तिच्याशी बोलली नाही. समोरून आली की पदर पुढं ओढून जायची. मनिषाला मुलगी झाली तेव्हा राऊतांच्या घरी पेढे आले, पण ते शेजारणीच्या हातानं. सुकन्यानं ते खाल्ले, आणि म्हातारीचा राग रास्त आहे असं स्वतःशी कबूल केलं.

मग त्याच साली थंडी पडायच्या सुमाराला एका संध्याकाळी म्हाळसा आपण होऊन दारात उभी राहिली. सुयोगला बर्फाकडं धाडल्याचं गावात त्याच दिवशी कळलं होतं.

"दादासोची बायको सकाळधरनं चुलीपुढं गेली न्हाय म्हनं," म्हातारी म्हणाली. "चल, बसून येऊ."

सुकन्यानं हातातला रंग पुसला. "तिथं जाऊन काय सांगायचं, मावशी?"

"काय न्हाय. तुला ठावं न्हाय, मला ठावं न्हाय. नुसतं बसायचं."

आणि दोघी दादासोंच्या घराकडं चालू लागल्या.